परदेशात मोटरसायकल घ्यायची? आधी ती कुठे विकणार ते ठरवा

परतीच्या विमानाला चार दिवस उरलेत. गाडी हॉटेलच्या दारात उभी आहे, घ्यायला गिऱ्हाईकही तयार आहे, आणि तेव्हा कळतं की या देशात ती विकायचा तुम्हाला हक्कच नाही. गाडी घेतली होती शेजारच्या देशात. इथे आणली ती तात्पुरत्या आयात परवान्यावर, आणि त्या परवान्याची अटच अशी की आत आलेली गाडी मुदतीत बाहेर गेली पाहिजे. घेताना सगळं सुरळीत झालेलं असतं, म्हणून हा फटका जास्त लागतो. त्यामुळे नवख्यांना मी नेहमी उलट्या टोकापासून सुरुवात करायला सांगतो.

पायरी १ : प्रवासाचा शेवट ठरवा

नकाशा समोर घ्या आणि गाडी कुठे सोडणार तिथे खूण करा. तीन शक्यता आहेत. एकाच देशात फिरून तिथेच विकायची, हा सर्वांत सोपा प्रकार. दोन-चार देश फिरून जिथे घेतली तिथे परत येऊन विकायची, हे जमण्यासारखं आहे. एका टोकाला घेऊन हजारो किलोमीटर दूर दुसऱ्या टोकाला विकायची, हे ऐकायला झकास वाटतं, पण पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. गाडी ज्या देशात नोंदलेली आहे, तो देश सोडला की ती सगळीकडे परकीच असते. सीमेवर तिचा तात्पुरता आयात परवाना निघतो, त्यावर तुमचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो. त्या मुदतीत ती तिथे विकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही, आणि मुदत उलटली तर दंड किंवा जप्ती. मुदतीही सारख्या नसतात. चिली आणि अर्जेंटिना एकाच पर्वतरांगेच्या दोन बाजूंना आहेत, पण प्रवाशाच्या गाडीला चिलीत ९० दिवस मिळतात आणि अर्जेंटिनात ८ महिने. मेक्सिकोत १८० दिवस मिळतात, पण तिथे सीमेवरच अनामत रक्कम भरावी लागते आणि गाडी वेळेत बाहेर काढून तशी नोंद केली नाही तर ती रक्कम बुडते. नुसतं बाहेर पडून भागत नाही. खिडकीपाशी थांबून परवाना रद्द करून घ्यायचा असतो, आणि घाईत लोक नेमकं तेच विसरतात.

काही देश याच्याही पुढे जातात. इराण, पाकिस्तान, इजिप्त आणि भारतात परकी गाडी न्यायची तर ‘कार्ने द पासाज’ नावाचं जाड कागदपत्र लागतं. गाडी परत बाहेर जाईल याची ती हमी असते. ते मोटार क्लब देतात, वर्षभर चालतं, आणि गाडीच्या किमतीनुसार मोठी अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. ज्या देशात गाडी नोंदलेली, सहसा तिथल्याच क्लबकडून ते मिळतं. म्हणजे तुमच्या मार्गात असा देश येत असेल, तर गाडी कुठे घ्यायची हा निर्णय कार्नेच ठरवतं.

रस्ता खरोखर आहे का, तेही बघा. कोलंबियात स्वस्तात गाडी घेऊन उत्तरेला पनामात जाऊ असा बेत लोक मजेत आखतात. त्या दोन देशांमध्ये दारिएन नावाचं सुमारे १०० किलोमीटरचं जंगल आणि दलदल आहे, रस्ता नाही. गाडी जहाजाने किंवा विमानाने न्यावी लागते, आणि तो खर्च कधी कधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

आणि हो, घ्यायचीच का हाही प्रश्न आहे. माझा अंदाज असा की सहा आठवड्यांपेक्षा कमी फिरायचं असेल तर भाड्याची गाडी बरी. घेताना कागदांत एक-दोन आठवडे जातात, विकताना तेवढेच, आणि राहिलेल्या दिवसांत तुम्ही किती हिंडणार?

पायरी २ : गाडी चालवायचा परवाना घरूनच तयार ठेवा

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे तुमच्या मूळ परवान्याचं भाषांतर, त्याहून जास्त काही नाही. मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नाही, आणि मूळ परवान्यावर मोटरसायकलचा वर्ग नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर तो आपोआप उगवत नाही. दुचाकीचा वर्ग ‘ए’. पुस्तिकेत त्या रकान्यात शिक्का पडलाय की नाही, ते घर सोडण्याआधी बघून घ्या.

हे परवाने दोन वेगवेगळ्या करारांखाली निघतात, १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार. १९४९ चा परवाना एक वर्ष चालतो, १९६८ चा तीन वर्षांपर्यंत. प्रत्येक देश दोन्ही मानतो असं नाही. जपान १९४९ चाच मानतो, व्हिएतनाम १९६८ चा. तुमचा देश कोणता देतो आणि तुम्ही जाताय तो देश कोणता मानतो, हे जुळलं नाही तर पोलीस कदाचित हसून सोडून देईल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी सोडणार नाही. तिच्या लेखी तुम्ही विनापरवाना गाडी चालवत होतात.

पायरी ३ : कागदावर नाव कुणाचं येणार ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुम्ही पैसे मोजता ते लोखंडाचे असं वाटतं, पण सीमेवरचा अधिकारी लोखंडाकडे ढुंकूनही बघत नाही. तो नोंदणीचा कागद मागतो, त्यावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतो, आणि जुळलं तर शिक्का मारतो.

पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाच्या नावावर गाडी करता येते का, याचं उत्तर देशागणिक बदलतं.

न्यूझीलंड नवख्यांसाठी सगळ्यात सोपा. पासपोर्ट किंवा परदेशी परवाना, तिथला एक पत्ता आणि एक साधा अर्ज एवढ्यावर काम होतं. तो अर्ज भरून पोस्टाच्या किंवा गाडी तपासणीच्या केंद्रात दिला की त्याच भेटीत नाव बदलतं. विकणाऱ्याने सहसा एक महिन्याच्या आतलं तपासणी प्रमाणपत्र द्यायचं असतं. ‘आहे तशी घेतो’ असं तुम्ही लिहून दिलंत तर ती अट सुटते. तसं लिहून द्यायला सांगणाऱ्याची गाडी मी घेणार नाही.

कोलंबियात पासपोर्टवर गाडी नावावर होते. आधी ‘रुन्त’ या राष्ट्रीय वाहन नोंदवहीत स्वतःची नोंद करायची, बोटांचे ठसे द्यायचे, मग व्यवहार. ‘सोआत’ हा सक्तीचा विमा गाडीवर नसेल तर नाव बदलत नाही. चिलीत आधी करखात्याकडून ‘रुत’ हा क्रमांक घ्यावा लागतो आणि परदेशी माणसाला त्यासाठी स्थानिक माणसाची हमी लागू शकते. व्यवहार नोटरीसमोर होतो, पण मालकीचा पक्का कागद यायला आठवडे लागू शकतात, आणि तो हातात येईपर्यंत सीमेचा विचार करायचा नाही. पेरूत पर्यटकाला कुठल्याही करारावर सही करायची तर आधी स्थलांतर कार्यालयाकडून तशी परवानगी काढावी लागते. ही छोटीशी पायरी ठाऊक नसल्याने लोक नोटरीच्या दारातून परत येतात.

थायलंडमध्ये मोटरसायकलची नोंद हिरव्या पुस्तिकेत असते आणि नाव लावायला राहण्याचा दाखला लागतो. तो पर्यटकाला द्यायचा की नाही, हे कार्यालयागणिक बदलतं. जर्मनीत तिथे राहत नसलेल्या माणसाला साधी नोंदणी मिळवणं अवघड, पण निर्यातीची नंबरप्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला लाल पट्टी आणि त्यावर मुदतीची तारीख असते, आणि तेवढ्या मुदतीचा विमा सोबतच घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तिथला पत्ता लागतो. तिथलं नोंदणीपत्र हे मालकीचा पुरावा नाही, असं त्या कागदावरच छापलेलं असतं, म्हणून विक्रीची सही केलेली पावती वेगळी घ्यायची. रस्ता करही जुन्या मालकाबरोबर संपतो. २०१४ च्या ऑक्टोबरपासून तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे येत नाही.

आता व्हिएतनाम. तिथे वर्षानुवर्षं प्रवासी एकमेकांना गाड्या विकत आलेत. हनोईत उतरलेला घेतो, दक्षिणेला हो ची मिन्हला पोहोचला की विकतो, तिथून निघालेला ती परत उत्तरेला आणतो. सोबत मिळतं ते नोंदणीचं छोटं कार्ड, प्रवाशांच्या बोलीत ‘ब्लू कार्ड’. त्यावर नाव असतं कधीकाळच्या एखाद्या स्थानिक मालकाचं, जो तुम्हाला कधी भेटणार नाही. देशातल्या देशात असं बरंच निभावून गेलं. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे नंबरप्लेट गाडीची न राहता मालकाची झाली आहे. गाडी विकली की प्लेट जमा करायची, नव्या मालकाने नवी घ्यायची. परक्याच्या नावाचं कार्ड खिशात ठेवून फिरणाऱ्यांसाठी जमीन आणखी भुसभुशीत झाली आहे, आणि तसल्या गाडीवर सीमा ओलांडायचा बेत तर करूच नये.

जिथे नाव लागत नाही तिथे ‘मुखत्यारपत्रावर चालवा’ असं सुचवलं जातं. म्हणजे गाडी जुन्या मालकाच्या नावावर राहते आणि नोटरीसमोर तो तुम्हाला ती चालवायचा, देशाबाहेर न्यायचा आणि विकायचा अधिकार देतो. हे चालतं, पण तीन गोष्टी बघा. मजकुरात ‘देशाबाहेर नेणे’ आणि ‘विकणे’ हे शब्द स्वच्छ लिहिलेले हवेत. ज्या देशात जाणार तो असं पत्र मानतो का, ते त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याकडून समजून घ्या. आणि मालक वारला तर ते पत्र सहसा निकामी होतं, हेही ध्यानात ठेवा.

पायरी ४ : गाडी निवडा

फार विचार करू नका. तिथले लोक जी चालवतात ती घ्या. तिची क्लच केबल खेड्यातही मिळते, आणि विकतानाही तिलाच गिऱ्हाईक असतं. मोठ्या इंजिनाची हौस असेल तर परवान्याकडे एकदा बघा. युरोपात १२५ सीसीपर्यंत एक वर्ग, ३५ किलोवॉट ताकदीपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. जपानमध्ये २५० सीसीवरच्या गाडीला ठरावीक मुदतीची महागडी तपासणी लागते, त्याखालच्या गाडीला नाही. तिथे बरोबर २५० च्या एवढ्या गाड्या का दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पायरी ५ : गाडी बघायला जा, आणि थंड इंजिन मागा

निघण्याआधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते आणि मालकाला ते दाखवायचं नाहीये, असं मी समजतो. एकदा मी गरम इंजिनाकडे दुर्लक्ष केलं. पुढचे दोन महिने रोज सकाळी गाडी उतारावर उभी केलेली असायची.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे पुढे बोअर-पिस्टनचा खर्च. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ दिसणं ठीक. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय, तिथूनच परत फिरा.

मग खालून वर. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चकतीवरची, चेन बोटाने मागे ओढा. दात निम्मा उघडा पडला तर चेन संपली. दात टोकदार होऊन एका बाजूला वाकलेले असतील तर पूर्ण सेट बदलावा लागणार. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनाट रबर ओल्या रस्त्यावर दगा देतं.

मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सरळ रेषेवर आल्यावर कट्कन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा असेल तर ऑइल सील गेलं. या दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, त्यामुळे घाबरायचं नाही, किंमत उतरवायची.

घाबरायचं ते चासीवरच्या वेल्डिंगला. पुढे जिथे हँडल चासीला मिळतं त्या कोपऱ्यात रंग चुरगळलेला, सोललेला किंवा उगाच नवा दिसला तर गाडी समोरून धडकलेली असू शकते. ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलचे शेवट, फूटरेस्ट यांवरचे ओरखडे गाडी किती वेळा आणि कोणत्या बाजूला पडली ते सांगतात. चालवून बघताना सपाट रस्त्यावर हँडलवरची पकड क्षणभर सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मालक काहीही म्हणो, ती वाकलेली असू शकते.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, मोबाइलच्या फोटोवरून नाही. आधुनिक चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. १७ खुणांच्या नंबरात त्यातलं एखादं दिसलं तर कुणीतरी हाताने कोरलंय. एक अपवाद असा की जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाड्यांचा नंबर मुळातच आखूड असतो. कागदावरचा प्रत्येक आकडा चासीवरच्याशी जुळला पाहिजे. एक आकडा चुकला असेल आणि मालक म्हणाला, ‘कारकुनाची चूक आहे, चालतं’, तर त्याला सांगा की आधी तुम्ही दुरुस्त करून आणा, मग मी घेतो.

पायरी ६ : कर्ज, चोरी, दंड

गाडीवर कुणाचं कर्ज असेल तर ते बऱ्याच देशांत गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा बोज्यांची सरकारी नोंदवही आहे आणि चासी नंबर टाकून नाममात्र शुल्कात ती तपासता येते. ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरून गाडीच्या जुन्या तपासण्या फुकट दिसतात, त्यात दर वर्षीचं मीटर रीडिंगही असतं. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तिथे उघडं पडतं. अमेरिकेत मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा असेल तर विमा कंपनीने ती गाडी एकदा भंगारात काढली होती. प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा असल्याने शेजारच्या राज्यातलं ऐकलेलं इथे लागू पडेल असं धरू नका. जिथे अशी ऑनलाइन सोय नाही तिथे मालकाला घेऊन थेट नोंदणी कार्यालयात जा आणि थकलेला दंड, कर, कर्ज, सगळं खिडकीवर विचारा. जो मालक तिथे यायला टाळाटाळ करतो त्याने तुमचं उत्तर दिलेलं असतं.

पैसे त्याच खिडकीवर द्या. विसार द्यावाच लागला तर थोडका, आणि लेखी पावतीवर. विक्रीच्या करारात दोघांची पूर्ण नावं, पासपोर्ट किंवा ओळखपत्राचे क्रमांक, चासी नंबर, रक्कम, तारीख आणि वेळसुद्धा लिहा. वेळ कशाला? त्याच दिवशी सकाळी जुन्या मालकाने सिग्नल तोडला असेल तर तो दंड कुणाचा, ते ठरायला.

पायरी ७ : विमा दोन वेगळे असतात

एक विमा दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई करणारा. तो बहुतेक देशांत सक्तीचा आणि सहसा त्या देशापुरताच. दुसऱ्या देशात शिरताना सीमेवर नवा घ्यावा लागतो. युरोप आणि आसपासच्या देशांत ‘ग्रीन कार्ड’ पद्धत आहे, एकाच कार्डावर अनेक देश. कार्डाचं नाव हिरवं असलं तरी आता ते पांढऱ्या कागदावरही छापलेलं असतं, त्यामुळे रंग शोधत बसू नका. त्यावर ज्या देशाची अक्षरं खोडलेली आहेत तिथे ते चालत नाही, हे मात्र नीट बघा. न्यूझीलंडमध्ये असा विमा सक्तीचा नाही. अपघातात जखमी झालेल्याचा उपचार तिथली सरकारी योजना करते, पाहुण्यांचाही. पण तुम्ही ठोकलेल्या मोटारीचे पैसे कोणी देत नाही, तेवढ्यासाठी स्वतःहून घ्यावा.

दुसरा विमा तुमच्या स्वतःच्या हाडांचा, म्हणजे प्रवास विमा. त्यातला मोटरसायकलचा परिच्छेद शोधून वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची गाडी, हेल्मेटशिवाय चालवणं आणि तिथे ग्राह्य नसलेला परवाना या तिन्हींवर हात वर करतात.

पायरी ८ : विकताना

निघायच्या किमान दोन आठवडे आधी गाडी विकायला काढा. एकच दिवस हातात असलेला परदेशी माणूस दिसला की बाजारभाव आपोआप कोसळतो. गाडी धुवा, चेनला तेल द्या, सुटे भाग आणि सामानाच्या पिशव्या सोबत देऊ करा. तुमच्यासारखाच नुकता उतरलेला प्रवासी या गोष्टींना पैसे मोजतो, स्थानिक डीलर मोजत नाही. विकत घेतानाच ‘परत आणून दिलीत तर इतक्याला घेऊ’ असं कुणी लेखी देत असेल तर भाव थोडा कमी असला तरी मी तो घेतो. प्रवासातले शेवटचे आठ दिवस मोकळे मिळतात.

नाव बदलायला घेणाऱ्याबरोबर स्वतः कार्यालयात जा. ‘मी करून घेईन’ हे वाक्य ऐकून किल्ली देऊ नका. तो करत नाही, आणि पुढे गाडी ज्याला धडकेल त्याच्या वकिलाला कागदावर तुमचंच नाव सापडतं. ज्या देशांत विकणाऱ्याने विक्रीची सूचना वेगळी द्यायची असते तिथे ती त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. विक्रीचा करार, ती पोच, रद्द झालेला विमा आणि गाडी सोपवतानाचा मीटरचा फोटो, हे सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, आणि मगच विमानतळाची वाट धरा.